दुमडलेली तबकडी

१

तबकडी फुटली, तबकडी फुटली म्हणून वडवणीच्या बाजारात सकाळपासून हळहळ चालली होती. सुग्रीवरावांनी ती हातात घेतली तेव्हा त्यांना दिसलं की ती फुटलेली नव्हतीच. कुणीतरी भाकरीत ठेचा घालून दुमडावी तशी ती मधोमध दुमडून टाकली होती.

"अप्पांची तबकडी फुटत न्हाई, कंट्रोलर सायेब," कॅसेटवाला अमरनाथ म्हणाला. "आतून ॲल्युमिनियमचा पत्रा आन् वरून काळा मऊ लेप. बाजारातल्या छापील तबकड्या येगळ्या, अप्पा एकेक हातानं कोरायचे त्या येगळ्या."

सुग्रीवराव एसटीतले वाहतूक नियंत्रक. आता निवृत्त, पण लोक अजून कंट्रोलरच म्हणत. मांजरसुंब्याच्या थांब्यावर त्यांची उभी नोकरी गेली आणि त्या नोकरीत त्यांनी 'गाडी कधी आहे' याच्या खालोखाल 'माझं काहीतरी राहिलं हो' हेच वाक्य ऐकलं. छत्र्या, डबे, कोंबड्या, एकदा तर नवरदेवाचा फेटा. राहिलेलं ते शोधून द्यायचे. तो नाद काही सुटला नाही. त्यांच्या बायकोचं, सुंदरबाईंचं म्हणणं असं की जगाचं हरवलेलं यांना सापडतं, स्वतःचा चष्मा मात्र मलाच शोधावा लागतो.

दुकान पुढून 'अमरनाथ कॅसेट सेंटर' होतं. दारावर रंगीत दिवे, आत भिंतभर कॅसेटी, आणि लोकांना हवी ती गाणी कॅसेटीत भरून द्यायची यंत्रं. मागच्या खोलीत मात्र अमरनाथच्या वडिलांचं, गुरुपाद अप्पांचं राज्य. हैदराबादेत मोडीत निघालेलं तबकडी कोरायचं यंत्र अप्पांनी तरुणपणी बैलगाडीच्या चाकासारखं जपत इथवर आणलं होतं. त्यावर त्यांनी या मुलखातली भजनं, गोंधळ, लग्नातली गाणी कोरली. आता यंत्रावर चादर होती आणि कपाटात त्या वेळच्या तबकड्या.

खोलीच्या दाराशी सुनिता उभी होती. तिच्या निरोपावरूनच सुग्रीवराव पहिल्या गाडीनं आले होते. पोरीचे डोळे कोरडे होते, आणि त्यांना ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

"सोमवारी माझी हळद हाय, काका," ती म्हणाली. "माय गेली तवा मी अंगावर पीत होते. तिचा फोटू हाय, तो बी जत्रंतला, पुसट. आवाज तेवढा हितं होता."

ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. सुनिताची आई जानकीबाई जात्यावरच्या ओव्या म्हणायची, आणि तिचा गळा असा की दळण संपलं तरी बाया उठत नसत. अप्पांनी तिच्या ओव्या कोरून घेतल्या. कोरून झाल्यावर ऐकवू का, म्हणून विचारलं, आणि हेही सांगितलं की ही तबकडी मऊ आहे, दर वेळी वाजवली की सुई थोडा आवाज खाते. तेव्हा जानकीबाई म्हणाली, "मंग ऱ्हाऊ द्या. माझ्या लेकीच्या हळदीला पयल्यांदा वाजवा." हळद दळताना पहिली ओवी मुलीच्या आईची, हा तिकडचा रिवाज. पुढच्या उन्हाळ्यात जानकीबाई तापानं गेली. तबकडी अप्पांच्या कपाटात राहिली आणि तिच्यावर कधी सुई ठेवली गेली नाही.

आणि आता, हळद तोंडावर आली असताना, अमरनाथ ती पुसून ठेवायला गेला तर पाकिटातून ही घडी निघाली. मधोमध लेबल मात्र शाबूत होतं: 'जानकीबाई. ओव्या.' वर अप्पांनी ओढलेली विभूतीची बोटं.

"कुणी केलं आसंल हो?" सुनितानं विचारलं.

सुग्रीवरावांनी उत्तर द्यायच्या आधीच आतल्या बाजेवरून अप्पांचा आवाज आला.

"कंट्रोलर, ती घेऊन हिकडं ये. येकटा ये. आन् दार लोटून घे."

२

बीडच्या शिबिरात अप्पांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. त्यावर पट्टी, आणि दुसऱ्या डोळ्यानं माणूस आहे की बुजगावणं एवढंच कळायचं.

"शरणार्थ, अप्पा."

"शरणार्थ. बस. सकाळपासून जो येतो तो मला म्हनतो, फुटली, लई वाईट झालं. कशी दिसती हे येकानं बी सांगितलं न्हाई. तू शोधनारा मानूस. उजेडाला धर आन् सांग."

सुग्रीवरावांनी खिडकीशी जाऊन घडी थोडी उकलली. दुमडल्या रेषेवर लेपाचे पोपडे निघून पत्रा उघडा पडला होता. पण कडेला तळहाताएवढा तुकडा अजून धड होता. तो उन्हात तिरका केल्यावर वरचे बारीक चर चमकले.

"चर दिसतायत, अप्पा."

"दिसनारच. कसे हायत?"

"ठळक. नांगरल्यासारखे. दोन चरांच्या मधे मोकळी जागा आहे."

बाजेवर हालचाल झाली. "सरळ हायत का वाकडे?"

"मधूनमधून वाकडे. वळवळत गेल्यासारखे. थोडं सरळ, मग पुन्हा वळवळ. ठेका धरल्यासारखं."

"नख फिरव वरून."

सुग्रीवरावांनी नख फिरवलं. खरखर झाली. अप्पा उठून बसले. डॉक्टरनं हलू नका सांगितलं होतं, पण ते सांगणं त्यांनी बाजेवरच ठेवलं.

"कंट्रोलर," अप्पा हळू आवाजात म्हणाले, "ही जानकीची न्हाई."

३

"लेबल तर तिचंच आहे," सुग्रीवराव म्हणाले.

"लेबलाला काय, कुटं बी चिटकतंय. चर खोटा बोलत न्हाई. ऐक. कोरताना सुई आवाजाबरूबर हालती. ढोल, नगारा ह्यांचा आवाज खोल. त्यो सुईला असा हेलकावा देतो की चर दोन्ही बाजूंनी फुगतो. चर जवळ जवळ ठेवले तर येक दुसऱ्यात घुसतो आन् तबकडी वाया. म्हनून ढोलाला मी चर लांब लांब पाडायचो. मंग तबकडी लवकर भरती. चार ठेके झाले न झाले की जागा संपली."

"आणि बाईचा नुसता गळा?"

"त्यो बारीक, येकसारखा. चर येकमेकाला चिटकून बसवा, उलसं बी हालायचे न्हाईत. जानकीची तबकडी लांबून गुळगुळीत दिसायची, काळ्या रेशमावानी." अप्पा थोडे थांबले. त्यांना ती दुपार दिसत असावी. "लई तरास दिला व्हता तिनं. म्हनली, जात्याबिगर ओवी येत न्हाई. जातं तर घरघरतंय. ती घरघर ढोलापरीस वाईट, सारखी चालू, सगळी जागा खाऊन टाकंल. शेवटी गोधडीवर परात उपडी घातली आन् तीच फिरवत बसली. मंग बांगड्या. बांगड्याचा, झांजंचा आवाज टोकदार. बाहेरच्या कडंला कसा तरी निभतो, मधाकडं चर आखूड व्हत गेला की नुसता फुसफुसतो. म्हनलं बांगड्या काढ. म्हनली, नवरा जित्ता हाय माझा, बांगड्या काढू? शेवटी फडकं गुंडाळलं हाताला."

सुग्रीवरावांना हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. माणूस जाऊन इतकी वर्षं झाली आणि तिचा हट्ट अजून या खोलीत होता.

"म्हणजे ही कुणाची तरी ढोलाची तबकडी आहे. तुमच्या कपाटातली?"

"कपाटात ढोल न्हाईच. उभ्या जलमात येकदाच ढोल कोरला मी. सुई इतकी उडाली की कानाला हात लावला, पुन्यांदा न्हाई म्हनलं. ती तबकडी ज्याची त्यानं घरी नेली."

"कुणी?"

पण अप्पांनी आधी विचारलं, "लेबल कशानं चिटकवलंय बघ. मी डिंक लावायचो."

सुग्रीवरावांनी लेबलाची कड उचलली. खालून पांढरट भुगा निघाला. नाकाशी नेला तर आंबूस वास. डिंकाचा नव्हता तो. ज्वारीच्या पिठाची खळ होती, घरात शिजवलेली, आणि फार जुनी नव्हती.

बाहेर येऊन त्यांनी अमरनाथला विचारलं, तू दुकानात काय वापरतोस? त्यानं कॅसेटीवर चिकटवायच्या पट्टीचं रीळ दाखवलं आणि मग त्याचा आवाज चढला.

"माझ्यावर शक हाय का? व्हय, मी अप्पांला म्हनलो व्हतो, हे भंगार काढू, कॅसेटीला जागा करू. पन सुनिताची तबकडी मी मोडीन व्हय? मी तर ती कॅसेटीत भरून देनार व्हतो, फुकट, लग्नाची भेट म्हनून."

"बरं. गेल्या काही दिवसांत मागं कोण कोण गेलं?"

"अप्पांला बघायला आर्धं गाव. सुनिताचे वडील, गहिनीनाथ मामा, दोनदा आलते. येकदा लग्नाची अक्षत घेऊन, येकदा अप्पांसाठी दही घेऊन. सरस्वती मामी आलती, लग्नातल्या कॅसेटी न्यायला. ती बी बसली व्हती आत."

सरस्वतीबाई म्हणजे गहिनीनाथची दुसरी बायको, सुनिताची सावत्र आई. अमरनाथनं तिचं नाव घेताना आवाज खाली आणला, आणि बाजारात लोक काय बोलत असतील ते सुग्रीवरावांना न ऐकता कळलं.

ते पुन्हा आत गेले. "अप्पा, ढोल कुणाचा होता ते राहिलं."

"ज्या दिशी जानकी गायली त्याच दिशी कोरला, तिच्या आदी," अप्पा म्हणाले. "गहिनीनाथाचा. लेझमीच्या ताफ्यात त्याच्यासारखा ढोल्या न्हवता. ती तबकडी त्याच्या घरच्या भिंतीवर टांगलेली आसती."

४

दुपारच्या गाडीनं सुग्रीवराव सुनिताबरोबर तिच्या गावी गेले. कंडक्टरनं उठून पुढची जागा दिली. वाटेत सुनितानं एकदाच विचारलं, "सापडंल का काका?" आणि त्यांनी खरं ते सांगितलं, की मला अजून माहीत नाही. जे खात्रीनं सांगता येणार नाही त्याची आशा लावायची नाही, हे ते थांब्यावर शिकले होते.

घरापुढे मांडवाचे खांब उभे होते. ओसरीवर सरस्वतीबाई रंगीत कागदाच्या पताका सुतळीला चिकटवत बसली होती. शेजारी वाडग्यात खळ. सुग्रीवराव टेकले आणि सहज वाडगं नाकाशी नेलं. तोच आंबूस वास.

सरस्वतीबाईनं ते पाहिलं आणि हातातली पताका खाली ठेवली.

"माझ्यावरच शक आला ना? येऊ द्या. सावत्र म्हनलं की झालं." तिनं त्यांच्या हातातलं वाडगं काढून घेतलं. "वाडवलं मी हिला. गोवर आला तवा रातीच्या राती बसले. आता तिची माय बोलनार म्हनल्यावर माझ्या पोटात दुखतंय, आसं वाटतंय ना लोकांला?"

"लोकांचं मी विचारत नाही. तुमचं विचारतो. दुखलं का?"

सरस्वतीबाईनं खाली ठेवलेली पताका पुन्हा उचलली. मग म्हणाली, "थोडं दुखलं. खोटं कशाला बोलू? पन म्यां काय ठरवलं व्हतं सांगू? पयली ओवी तिची. ती संपली की लगीच दुसरी माझी. कवाची घोकतेय. गळा न्हाई मला, तरी घोकतेय. आता तिची न्हाई तर माझी कशाच्या मागं म्हनू?"

सुनिता पुढे झाली आणि तिनं सरस्वतीबाईचा खळीनं भरलेला हात धरला. "आई, काका तसं म्हनत न्हाईत."

सुग्रीवरावांनी नजर भिंतीकडे वळवली. भिंत जुन्या चुन्याची, धुरकटलेली. एका खिळ्यावर नवं कॅलेंडर होतं, आणि कॅलेंडराच्या दोन्ही बाजूंनी एक गोल पांढुरका डाग बाहेर डोकावत होता.

"इथं काय असायचं?"

"ह्यांच्या ढोलाची तबकडी. लग्नाचा रंग देयाचा म्हनून काढली म्हनले."

"आणि रंग?"

"कुटला रंग? अजून चुना बी आनला न्हाई." सरस्वतीबाई हे सरळ बोलून गेली. तिला त्यात काही वाटलं नाही.

कोपऱ्यात खुंटीला ढोल टांगलेला होता. लेझमीचा मोठा ढोल, दोरीनं आवळलेला, अंग तेल लावून चकचकीत.

"हळदीला हा वाजणार असेल," सुग्रीवराव म्हणाले.

"कुटलं!" सुनिता वडिलांवर चिडून म्हणाली. "ताफ्यातली पोरं मागायला आली तर नाना त्यांच्या अंगावर गेले. म्हनले, ढोल न्हाई वाजायचा. माझ्या लग्नात, काका. दर वरसी लोकांच्या लग्नात वाजवतेत."

सुग्रीवराव उठले. ढोलापाशी गेले. बोटांनी कातड्याच्या पानावर हलकी थाप दिली.

ढोल वाजला नाही. नुसता बद्द आवाज आला, आणि आत काहीतरी सरकलं.

"ढोलाला हात लावू नगा," दारातून आवाज आला. गहिनीनाथ शेतातून आला होता. त्याच्या हातातलं खुरपं खाली पडलं आणि ते त्यानं उचललं नाही.

५

"चल, मला गाडीपर्यंत सोड," सुग्रीवराव म्हणाले. दोघं चालत थांब्यावरच्या लिंबाखाली आले. गाडीला अवकाश होता. गहिनीनाथ दगडावर बसला आणि मांडीवर बोटं वाजवू लागला. ती जुनी सवय होती.

"मी बोलतो, तू ऐक," सुग्रीवराव म्हणाले. "चुकलं तर सांग. दुमडलेली तबकडी जानकीबाईची नाही, ढोलाची आहे. चरच तसे आहेत. ढोलाची एकच तबकडी अप्पांनी कोरली आणि ती तुझ्या भिंतीवर होती. आता भिंतीवर नुसता डाग आहे. लेबल ज्या खळीनं लावलं ती तुझ्या ओसरीवर आहे. म्हणजे करणारा तुझ्याच घरातला. लोक तुझ्या बायकोचं नाव घेतील. पण ढोलाचं पान सोडवून, आत काही ठेवून, परत तसंच ताणून बसवणं तिच्यानं होणार नाही. ते तूच करू शकतोस. अक्षत द्यायला गेलास तेव्हा पिशवीतून खरी आणलीस, दही द्यायला गेलास तेव्हा मोडकी नेऊन ठेवलीस."

गहिनीनाथची बोटं थांबली.

"एवढं मला कळलं. नुसती लपवली असतीस तर पोरीनं जन्मभर शोधली असती. हरवलेल्या वस्तूची माणूस वाट बघतो. मोडलेल्याची बघत नाही. म्हणून तू मोडकी ठेवलीस. पण ज्याला आवाज नको असतो तो आवाजच मोडतो. तू तुझा स्वतःचा मोडलास आणि तिचा ढोलात घालून ठेवलास. का रे?"

गहिनीनाथ दगडावरच पाठ फिरवून बसला. मग त्यानं उपरणं तोंडावर धरलं.

"तिचा आवाज मोडायला माझा हात कसा उठंल, कंट्रोलर?" तो म्हणाला. "हिरीत टाकावी म्हनून येकदा गेलतो. माघारी आलो."

"पण पोरीपासून का लपवलीस?"

"त्यात मी बी हाय." त्यानं उपरणं खाली घेतलं. "ती गात व्हती. पोरगी बाजंला, इत्तुशी. मधीच टाहो फोडला. ढोल कोरताना सुई उडाली म्हनून अप्पा आदीच वैतागलेले. मला वाटलं हिच्यामुळं हे बी वाया जानार. आन् तवा मला पोरगा पायजे व्हता. मी वराडलो. म्हनलं, ही नकुशी कावून आनली हितं? मेली आसती तर सुटलो आसतो."

लांबून ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"सुई खालीच व्हती, कंट्रोलर. सगळं कोरलं गेलं आसनार. जानकी थांबली न्हाई, गातच ऱ्हायली. नंतर मला येवढंच म्हनली, तुमी बोललात ते बी तिच्या हळदीला वाजंल. मंग ती गेली, आन् ह्या पोरीबिगर मला दुसरं काय व्हतं? साळंत सोडायला सायकलवर न्यायचो तिला. आता भर हळदीत, पाहुन्यांसमोर, तिनं बापाच्या तोंडून हे ऐकायचं?"

सुग्रीवरावांना या माणसाचा राग आला, आणि राग आला तरी दया काही जाईना. दोन्ही खरंच होतं, म्हणून त्यांनी दोन्ही तसंच राहू दिलं.

"मी कुणाला काही सांगणार नाही," शेवटी ते म्हणाले. "गाडीत राहिलेली पिशवी मी देतो, तिच्यात काय आहे ते बघत नाही. पण ही वस्तू तुझी नाही आणि माझीही नाही. मालकीण सोमवारी पाटावर बसेल. काय करायचं ते तू ठरव."

गाडी आली. गहिनीनाथ उठलाच नाही.

६

सोमवारी सकाळी ऊन छान पसरलं होतं. अप्पांना जीपमधून आणलं, मांडीवर त्यांचं जुनं वाजवायचं यंत्र घेऊन. त्यांनी ते दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नव्हतं. सुंदरबाईही आल्या होत्या. अमरनाथनं रिकाम्या टेबलावर यंत्र मांडलं आणि सगळ्यांनी त्याच्याकडे बघायचं टाळलं. लावायला तबकडी नव्हती.

सुनिता पाटावर बसली. जात्यापाशी सरस्वतीबाई, तिच्या भोवती बाया. कुणीतरी म्हणालं, पहिली ओवी तूच म्हण आता. सरस्वतीबाई मान हलवून नाही म्हणाली.

तेवढ्यात गहिनीनाथ खुंटीवरचा ढोल घेऊन अंगणात आला. सगळ्यांदेखत त्यानं दोरी सैल केली, पान उचललं, आत हात घातला आणि जानकीबाईच्या लुगड्यात गुंडाळलेली तबकडी बाहेर काढली.

"मी लपवली व्हती," तो म्हणाला. "कावून, ते तबकडीच सांगंल."

सुनिता पाटावरून अर्धी उठली आणि पुन्हा बसली.

सुग्रीवरावांनी तबकडी घेऊन उन्हात धरली. अप्पा म्हणाले होते तशीच, काळी, गुळगुळीत, चर चरांना चिकटलेले. फक्त मध्यापासून थोडं अलीकडे एक बारीकसं कडं त्यांना वेगळं दिसलं. तिथं चर इतके सपाट होते की जणू सुई नुसतीच फिरत गेली होती. त्यांनी अप्पांच्या कानाशी वाकून विचारलं, "हे काय?"

"कुटं? मधाच्या आलीकडं?" अप्पा पुटपुटले. "ती पोरगी रडली व्हती. तान्ह्या लेकराचं रडनं बांगडीपरीस टोकदार. त्यात जागा मधाकडची, चर आखूड. सगळं फाटलं आसतं. मी आवाजाचं बटन पार खाली वडलं. रडं बुडालं, उलसं मागचं पुढचं बी बुडालं. गप झाल्यावर पुन्यांदा वर केलं."

सुग्रीवरावांनी गहिनीनाथकडे पाहिलं. तो ढोलापाशी उभा होता, मान खाली घालून. त्याला सांगावं असं त्यांच्या मनात आलं. पण तोवर अमरनाथनं तबकडी घेऊन यंत्रावर लावली होती आणि सुई ठेवली होती.

आधी नुसती खसखस झाली. मग जानकीबाई गाऊ लागली. गळा कोवळा होता, सुनितापेक्षाही लहान मुलीचा वाटावा असा, आणि खाली परात फिरल्याची अगदी हलकी घसट. बायांचे हात जात्यावर थांबले. सुनिता हलली नाही. एक ओवी झाली, दुसरी झाली, तिसरी. मग मागे कुठंतरी लेकराचा सूर चढायला लागला, आणि लगेच सगळंच बुडालं. ओवी नाही, रडणं नाही, नुसती खसखस. गहिनीनाथनं डोळे गच्च मिटले.

खसखस चालू राहिली. आणि मग जानकीबाई पुन्हा वर आली, जवळून, लेकराला मांडीवर घेतल्यासारखी.

"उगी उगी माझ्या बाई, उगी माझं कोकरू,
हळदीला तुझ्या येते, नगं मायला इसरू."

सुई मध्यात जाऊन घरघरली. अमरनाथनं ती उचलली.

सुनिता ओक्साबोक्शी रडत होती. बायाही रडत होत्या. बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "मधी आवाज कावून बसला, अप्पा?"

"तू रडलीस म्हनून बटन खाली केलं, बाई. दुसरं काय न्हाई."

गहिनीनाथनं डोळे उघडले. तो अप्पांकडे बघत राहिला. सुटला होता तो. एवढी वर्षं ज्याला भ्याला ते तिथं नव्हतंच, आणि आता गप्प बसला असता तर कुणाला कधी कळलं नसतं. सुग्रीवराव तरी तोंड उघडणार नव्हते.

"दुसरं हाय," गहिनीनाथ म्हणाला. तो पाटापुढे येऊन खाली बसला. "तितं मी बोललो व्हतो, सुनिता. तुला नकुशी म्हनलो. मेली आसती तर सुटलो आसतो, म्हनलो. तेच तुला ऐकू येईल म्हनून लपवली."

सरस्वतीबाईनं तोंडावर पदर घेतला. सुनिता बापाकडे बघत होती.

"नाना," ती शेवटी म्हणाली, "माय तर नंतर बी गात ऱ्हायली. मी तेच ऐकलं."

तिनं हाताच्या पाठीनं नाक पुसलं.

"तुमी लई वाईट बोललात. पन तुमची तबकडी तर मोडून बसलात. आता ढोल कुटं ऐकायचा आमी?"

गहिनीनाथनं मान वर केली. अमरनाथनं ढोल उचलून त्याच्यापुढे ठेवला. गहिनीनाथनं पान बसवलं, दोरी ओढली. गाठ दोनदा सुटली. सरस्वतीबाई जात्याला लागली आणि तिनं घसा खाकरून दुसरी ओवी सुरू केली. गळा तिला खरंच नव्हता.

गहिनीनाथनं तिचा सूर ऐकला, आणि तो बुडणार नाही इतक्या हलक्या हातानं ढोलावर पहिली थाप दिली.